दूर म्हणजे कुठे?

माझ्या टेबलाच्या खणात एका अर्जाची झेरॉक्स प्रत कित्येक वर्षे पडून आहे. जानेवारी २०१३ मधला अर्ज. खाली चाळीसेक सह्या, त्यांत अकरा अंगठे. मजकूर माझा, अक्षरही माझेच. "सदर बिबट्यास तातडीने पकडून दूर जंगलात सोडण्यात यावे, ही नम्र विनंती," हे त्याचे शेवटचे वाक्य. व्यवसायाने मी मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या लेखनातले ऱ्हस्वदीर्घ तपासण्यात माझे आयुष्य गेले. त्या अर्जात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तरीही माझ्या हातून लिहिल्या गेलेल्या मजकुरातली सर्वांत मोठी चूक त्या वाक्यातल्या 'दूर' या शब्दात आहे, असे मला आता वाटते. ती कशी झाली आणि उमजायला मला किती काळ लागला, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

विंझर हे आमचे मूळ गाव. पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूरपर्यंत यायचे, तिथून पश्चिमेला वळायचे आणि मार्गासनी ओलांडून वेल्ह्याकडे निघाले की विंझर लागते. या वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला. आमच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच बसले आहे. गडांवर येणाऱ्या मंडळींना हा मुलूख राजगड-तोरण्यामुळे ठाऊक असतो. त्यांना कडे आणि माच्या दिसतात. आम्हांला भाताची खाचरे, गुरांच्या वाटा आणि पावसाळ्यात गळणारी पडवी दिसते. आमची वाडी गावापासून थोडी वर, रानाला लागून आहे. नोकरीपायी मी पुण्याला आलो, पण माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणत असू, ते अखेरपर्यंत तिथेच राहिले. एक बैलजोडी, एक म्हैस आणि दहा-बारा शेळ्या हा त्यांचा संसार. म्हैस दुधाची आणि बैल शेतीचे. पण अडीअडचणीला विकून पैसा उभा करायचा तो शेळीवर. आजारपण, मुलीचे बाळंतपण, शाळेची फी या साऱ्याची तजवीज त्या दहा-बारा शेळ्यांत होती. शहरातल्या माणसाला 'एक शेळी गेली' या वाक्याचे वजन कळत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

२०१२ च्या डिसेंबरात वाडीतली कुत्री कमी होऊ लागली. मग शेजारच्यांचे वासरू गेले. जानेवारीत, पौषातल्या एका थंड रात्री, आबांची गाभण शेळी गोठ्यातून गेली. सकाळी ओढ्याच्या वरच्या अंगाला तिचे अर्धे धड सापडले. आमचा गोठा म्हणजे चार खांब, वर छप्पर आणि एका बाजूला कुडाची भिंत. बाकी तीन बाजू मोकळ्या. आबांच्या वडिलांच्या वेळेपासून तो तसाच होता. रानात वाघरू पूर्वीही होते (आमच्याकडे बिबट्यालाही वाघरूच म्हणतात), पण गोठ्यात शिरण्याची अशी सवय त्याला आबांच्या आठवणीत नव्हती.

त्या रविवारी देवळासमोर वाडीची बैठक भरली. मी गावी आलेलो होतो. बोलणे शेळी-वासरापासून सुरू झाले तरी सर्वांच्या मनात मुले होती. वाडीतली मुले विंझरच्या शाळेत चालत जातात आणि हिवाळ्यात परतताना अंधारून येते. एक बाई एवढेच म्हणाल्या, "आज शेळी हाय, उद्या पोर असंल." त्यावर कुणाला काही बोलणे शक्य नव्हते. मग कुणीसे सांगितले की, हे वाघरू आपल्या रानातले नव्हेच. कुठून तरी पकडून रातोरात गाडीतून इकडे आणून सोडलेले आहे. तशी माणसाला पाहून ते पळत नाही, ही त्याची खूण. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. त्याच बैठकीत पाच मिनिटांनी ठरले की, या बिबट्याला पकडून गाडीत घालून दूर कुठे तरी सोडण्याची मागणी करायची. दुसऱ्याने आपल्याकडे सोडला म्हणून चिडलेली माणसे तो तिसऱ्याकडे सोडा म्हणत होती, आणि यातली विसंगती कुणाच्याही ध्यानात आली नाही. शिकलेला म्हणून अर्ज लिहिण्याचे काम ज्याच्याकडे आले त्याच्याही नाही.

अर्ज दिल्यानंतर चारएक दिवसांनी वनरक्षक वाडीवर आले. तरुण माणूस, मोटारसायकलवर, अंगात खाकी स्वेटर. शेळीचा पंचनामा त्यांनी आधीच केलेला होता. आता ते अर्जाचे उत्तर घेऊन आले होते. ते म्हणाले, पिंजरा लावता येणार नाही. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला नुसते पकडायचे तरी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि माणसाच्या जीवाला धोका असल्याशिवाय ती मिळत नाही. शेळी मारणे हा त्याचा गुन्हा धरत नाहीत.

आबा शांतपणे म्हणाले, "मंग गार्डसाहेब, आमी काय करायचं?"

"गोठ्याला दार लावा, आबा. चारी बाजूंनी बंदिस्त करा. आणि याला नेला तरी दुसरा येईल."

शेवटचे वाक्य त्यांनी जाता जाता टाकले. का येईल, कशावरून येईल, ते सांगितले नाही. बहुधा त्यांनाही वरून एवढेच सांगितलेले असावे. वाडीला ते टोलवाटोलवीचे उत्तर वाटले. मीच सर्वांत जास्त चिडलो. तीन बाजूंनी मोकळा गोठा बंदिस्त करायला पैसे कुठून आणायचे, सरकारला जनावराची काळजी आहे आणि माणसाची नाही, असे बरेच काही मी बोललो. त्यांनी ऐकून घेतले, वहीत काही टिपले आणि ते निघून गेले. मीही दोन दिवसांनी पुण्याला परतलो. पुण्यात मला गोठा नव्हता आणि शाळेतून अंधारात परतणारे मूलही नव्हते.

पुढे वर्ष-दीड वर्षाने, २०१४ च्या उन्हाळ्यात, 'आजोबा' हा मराठी चित्रपट आला. त्या निमित्ताने बिबट्यांवरचा एक दीर्घ लेख माझ्याकडे मुद्रितशोधनासाठी आला. मुद्रितशोधक मजकूर वाचत नाही, अक्षरे वाचतो, असे आमच्या धंद्यात म्हणतात. त्या दिवशी मात्र मी अक्षरे सोडून मजकूर वाचू लागलो, कारण पहिल्याच पानावर मला आमच्या वाडीवरच्या गार्डसाहेबांचे ते अर्धे वाक्य पूर्ण झालेले दिसले. मग त्या लेखात उल्लेखिलेले मूळ अभ्यासही मिळवून वाचले.

त्यांतली हकीकत आपल्याच पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाची, जुन्नरची आहे. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाली आणि त्या कोरडवाहू मुलखात ऊस आला. वर्षभर उभा असणारा, दाट, गारवा धरणारा ऊस. बिबट्याला लपायला आणि पिले वाढवायला याहून सोयीची जागा कोणती? खायला गावातली कुत्री, डुकरे, मांजरे होतीच. या शतकाच्या सुरुवातीला तेथे बिबट्यांची धरपकड वाढली. पकडलेल्या बिबट्यांना सह्याद्रीच्या जंगलांत नेऊन सोडले जाई. हेतू वाईट नव्हता. जनावर जंगलातले आहे, ते वाट चुकून शेतात आले आहे, त्याला त्याच्या घरी पोचवले की सर्वांचे भले होईल, अशी सरळ समजूत त्यामागे होती. माझ्या अर्जामागेही हीच समजूत होती.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही समजूत तपासून पाहिली. त्यांचा निबंध 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी' या नियतकालिकात २०११ मध्ये छापून आला. त्यातले आकडे थोडके आहेत, पण त्यांनी माझी झोप उडवली. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात बिबट्यांचे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे उचलून नेण्याची मोहीम सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. पूर्वी हल्ल्यांपैकी १८ टक्के प्राणघातक ठरत; ते प्रमाण दुप्पट, म्हणजे ३६ टक्के झाले. त्या मोहिमेत २९ बिबटे जवळपासच्या नैसर्गिक जंगलांत सोडले गेले होते. आणि किती दूर? सरासरी ३९.५ किलोमीटर.

कारणे समजली की आकड्यांचे आश्चर्य उरत नाही. बिबट्याला स्वतःचा मुलूख असतो. त्यातली प्रत्येक ओहोळ, प्रत्येक वस्ती, कोणत्या वेळी माणसे कुठे असतात, हे त्याला ठाऊक असते आणि त्या माहितीच्या आधारेच तो माणसाला टाळून जगतो. त्याला पिंजऱ्यात कोंडून, माणसांच्या गर्दीत भेदरवून, अनोळखी रानात सोडले की तो ती सारी माहिती गमावून बसतो. तो परतीची वाट धरतो, आणि वाटेत गावेच गावे असतात. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. तो बहुधा तरुण, त्या मुलखाला नवखा असतो. एका गावाची भीती कमी होत नाही. दोन गावांत वाटली जाते, आणि वाटताना वाढते.

'आजोबा' या नावाच्या बिबट्याने हेच चालून दाखवले. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ २००९ मध्ये तो विहिरीत पडला होता. त्याला बाहेर काढून गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडले. तो तिथे राहिला नाही. रात्री चालत, दिवसा दडून, सुमारे १२० किलोमीटर कापून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत वस्त्या होत्या, महामार्ग होते, पण त्याने कुणाला इजा केली नाही. डिसेंबर २०११ मध्ये वाहनाच्या धडकेने तो मेला. अंगातल्या मायक्रोचिपमुळे तो आजोबाच असल्याचे कळले. आपण ज्याला 'दूर' म्हणतो ते बिबट्याच्या लेखी महिन्याभराची पायपीट असते, एवढे त्यावरून मला समजले.

त्या संध्याकाळी मी पुणे जिल्ह्याचा नकाशा काढला. विंझरवर कंपासचे टोक ठेवले आणि चाळीस किलोमीटरचे वर्तुळ ओढले. पश्चिमेला कोकण उतरून ते थेट महाडपर्यंत गेले. वायव्येला ताम्हिणी आत आली. पूर्वेला सातारा रस्त्यावरची गावे आली, दक्षिणेला भोरच्या पलीकडचे डोंगर आले आणि त्यांतल्या धनगरवाड्या. ईशान्येला तर पुणे शहरच आत होते, आणि शहरात माझे राहते घर. माझ्या अर्जातले 'दूर जंगल' मी त्या वर्तुळात बराच वेळ शोधत बसलो. हिरवा रंग होता, पण जिथे हिरवा रंग होता तिथे बारीक अक्षरांत वाड्यांची नावेही होती. त्या प्रत्येक वाडीत एखादे आबा असणार, तीन बाजूंनी मोकळा गोठा असणार आणि अंधारात शाळेतून परतणारी मुले असणार. मी चाळीस माणसांच्या सह्या घेऊन सरकारला लेखी विनंती केली होती की, आमची भीती त्यांच्या दारात नेऊन ठेवा. त्यांचे नाव मला ठाऊक नव्हते, म्हणून मी 'दूर' लिहिले.

विनंती मान्य झाली नाही, हे माझे नशीब. आणि ती का मान्य झाली नाही, तेही तेव्हाच कळले. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने मानव-बिबट्या संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. बिबट्या दिसला किंवा त्याने जनावर मारले एवढ्यावरून पिंजरा लावू नये, पकडणे हा शेवटचा उपाय समजावा, एका ठिकाणचा बिबट्या उचलून दुसरीकडे नेऊन सोडण्याची पद्धत टाळावी, नुकसानभरपाई वेळेवर द्यावी, गर्दी आवरण्यासाठी प्रशिक्षित पथके असावीत, लोकांशी आणि वृत्तपत्रांशी बोलत राहावे, असा त्यांचा आशय. जुन्नरच्या शेतांत गोळा झालेले ज्ञान दिल्लीच्या कागदावर उतरले आणि तिथून पायरी-पायरीने उतरत जानेवारी २०१३ मध्ये मोटारसायकलवर बसून आमच्या वाडीवर आले होते. विज्ञान आणि शासकीय धोरण यांचा सांधा जुळणे म्हणतात ते हेच. मी त्या सांध्यावर तोंडसुख घेतले होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. जुन्नरमधले हल्ल्यांचे आकडे कुठल्या प्रयोगशाळेत तयार झालेले नव्हते. ते वनखात्याच्या दप्तरांतून, नोंदवह्यांतून आले होते. वर्षानुवर्षे कुणी वनरक्षक घटनास्थळी गेला, जागा, तारीख, वेळ लिहिली, पंचांच्या सह्या घेतल्या. ज्याला आपण सरकारी कागद काळे करणे म्हणतो ते केले म्हणून पुढे कुणाला तरी ४ आणि १७ यांतला फरक दिसला. आबांच्या गाभण शेळीचा पंचनामाही असाच कुठल्या तरी दप्तरात आहे. शेळीचे मोल त्याने परत येत नाही. पण नोंद झाली नसती तर ती शेळी फक्त आबांची गेली असती. नोंद झाल्यामुळे ती सर्वांच्या माहितीचा भाग झाली. मुद्रितशोधकाला हे सुचायला हवे होते. चूक दुरुस्त करायची तर आधी ती कुणीतरी नीट टिपून ठेवावी लागते.

तथापि वाडीचा राग निराधार होता असे मी म्हणणार नाही. त्या सूचनांचा एकच भाग वाडीपर्यंत पोचला होता, तो म्हणजे नकार. पिंजरा नाही. त्या नकारामागचे कारण पोचले नाही, आणि नकाराच्या जोडीला जे होकार असायला हवेत तेही पुरेसे पोचले नाहीत. दार लावा, हा सल्ला शास्त्रशुद्ध होता. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात याच गटाने केलेला अभ्यास त्याचा पुरावा आहे. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहणाऱ्या त्या शेतीच्या खोऱ्यात स्वयंचलित कॅमेरे लावले, तेव्हा दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकीच तरसे असल्याचे दिसले. आणि ते खोरे जंगल नव्हते. मग त्या भागातल्या बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचे खाद्य तपासले गेले. भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, पण त्यात पहिला क्रमांक कुत्र्यांचा, ३९ टक्के. मांजरे १५ टक्के. शेळ्या तेथे कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. कारण साधे आहे. शेळ्या रात्री कोंडल्या जातात, कुत्री मोकाट असतात. दाराने फरक पडतो, हे यातून सिद्ध होते. पण दाराला लाकूड, जाळी, सुतार आणि पैसा लागतो, आणि त्याचा हिशेब कुठल्याही निबंधात दिलेला नव्हता.

ज्ञान कागदावर आले म्हणजे ते धोरण झाले असे आपण समजतो. कागद मंत्रालयातून निघाल्यावर शेवटचे चार किलोमीटर कसे काटतो, यावर सारे अवलंबून असते. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी २०११ पासून अभ्यासक, पोलीस, पत्रकार आणि सभोवतालच्या वसाहतींतले लोक यांना एकत्र घेऊन हे शेवटचे अंतर चालण्याचा प्रयत्न केला. कचरा उचला म्हणजे कुत्री कमी होतील, मुलांना रात्री एकटे बाहेर पाठवू नका, बिबट्या दिसला तर घोळका करू नका, बातमी देताना 'नरभक्षक' हा शब्द उगाच वापरू नका, अशा साध्या गोष्टी सांगत राहिले. तेथे २००४ साली माणसे मरण्याची जी मालिका झाली होती, तशी पुन्हा झाली नाही. हल्ले कायमचे थांबले असे मात्र नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात आरे वसाहतीत एक लहान मूल गेले. हे काम एकदा करून संपत नाही, रोज करावे लागते.

आमच्याकडे असे कुणी आले नाही. म्हणून २०१४ च्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा जे वाचले होते ते मीच आबांना सांगितले. नकाशावरचे वर्तुळही दाखवले. त्यांनी शेळ्या-कुत्र्यांचे गणित लक्ष देऊन ऐकले, वर्तुळाकडे पाहिले आणि म्हणाले, "म्हंजी त्यो गार्ड खरं बोलत व्हता." मग थोडे थांबून, "पर नीट सांगितलं आसतं तर आपुन एवढं वाकडं बोललो नसतो." आम्ही दोघांनी मिळून खर्च काढला. त्या हिवाळ्यात गोठ्याच्या तीन बाजू बांबूच्या कुडाने आणि तारेच्या जाळीने बंद झाल्या आणि पुढे फळ्यांचे दार लागले. त्यानंतर आबांची शेळी गेली नाही. बिबट्या होताच, त्याचे पाय ओढ्याच्या चिखलात उमटत, आणि वाडीतली कुत्री अधूनमधून जात. दार लावण्याची ऐपत नसलेल्या एका घराचे करडूही पुढच्या वर्षी गेले. आबा २०१९ साली गेले. गोठा आता चुलतभावाकडे आहे.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसे बिबट्याच्या हल्ल्यांत मेली. त्यांत दोन मुले होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. इथले बिबटे उचलून न्या, हीच मागणी पुन्हा झाली, आणि नसबंदीपासून दूरच्या प्राणिसंग्रहालयांपर्यंत नाना उपाय चर्चेत आले. त्या बातम्या वाचताना मी तो खण उघडून अर्ज बाहेर काढला.

मला इथे फार जपून बोलले पाहिजे. माझ्या घरची एक शेळी गेली होती. ज्यांचे मूल गेले त्यांना ४ आणि १७ चे आकडे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि कुणी सांगू लागला तर ते त्यांनी का ऐकावेत? सरासरी ही अनेकांची असते, मूल एकाचेच असते. माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याला तेथून काढलेच पाहिजे. त्या मार्गदर्शक सूचनाही ते नाकारत नाहीत. आणि दारे लावून उसातले सारे प्रश्न सुटतील असेही नाही. घराला चिकटून उभ्या उसात काम करणाऱ्या बाईला कुठले दार लावणार? जागतिक निसर्ग संवर्धन संघाने २०१६ मध्ये बिबट्याला असुरक्षित प्राण्यांच्या यादीत टाकले, हे वाक्य पिंपरखेडात वाचले तर लोक विचारतील, असुरक्षित कोण? तो प्रश्न चुकीचा नाही. फक्त 'दूर नेऊन सोडा' हे त्याचे उत्तर नाही, एवढेच जुन्नरने आपल्याला शिकवले आहे. आणि ते शिकण्याची किंमतही त्याच मुलखातल्या माणसांनी मोजली आहे. एकदा मोजलेली किंमत पुन्हा मोजायला लावणे हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय होईल. तिथल्या लोकांना आज उत्तर हवे असेल तर ते त्यांच्या बरोबर बसून, त्यांच्या उसाच्या, वस्तीच्या, शाळेच्या वाटांच्या हिशेबाने शोधावे लागेल. त्यात अभ्यासक हवेत, अधिकारी हवेत, आणि मुलांना शाळेत सोडणारी माणसेही त्याच सतरंजीवर हवीत.

नोव्हेंबरच्या अखेरीस चुलतभावाचा फोन आला. पिंपरखेडच्या बातम्यांनी वाडी धास्तावली होती. ओढ्याकडे पुन्हा ठसे दिसले होते. "दादा, अर्ज लिहून दे. तू पूर्वी दिला होतास तसा."

मी त्याच रात्री लिहिला. शाळेच्या वाटेवर ओढ्यापर्यंत दिवे लावावेत. गोठे बंदिस्त करायला साहाय्य मिळावे आणि ज्यांची ऐपत नाही त्यांचे आधी करावे. जनावर गेल्यास पंचनामा लगेच व्हावा आणि भरपाई रखडू नये. वनखात्याच्या माणसाने हिवाळ्याच्या आरंभी एकदा वाडीवर येऊन सर्वांसमोर बोलावे, आणि जे करता येणार नाही ते का करता येणार नाही, हेही सांगावे. हे चौथे कलम मी आबांसाठी घातले.

फोनवर वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, "पकडून न्या, असं कुठंच नाही लिहिलंस."

"नाही लिहिलं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. त्याची मुलगी आता विंझरच्या शाळेत सातवीत आहे, रोज त्याच वाटेने जाते-येते. नकाशावरचे ते वर्तुळ २०१४ साली त्यानेही आबांच्या खांद्यावरून पाहिले होते.

"बरं," तो म्हणाला. "मग दिव्यांचं पहिल्यांदा लिही."

मी कलमांचा क्रम बदलला आणि अर्ज पाठवून दिला.